समस्त काका-काकू, मामा-मामी, आत्या आणि मावश्यांना: आपल्या पोरीच्या वजनाबद्दल

समस्त काका-काकू, मामा-मामी, आत्या, मावश्या आणि कार्यालयात भेटल्यावरच आठवणारे लांबचे सगळे, नमस्कार.

हे पत्र खरं तर आपल्या फॅमिली ग्रुपवरच टाकणार होते. तीनदा टाईप केलं, तीनदा डिलीट केलं, कारण तिथे पुढे काय होतं ते मला पाठ आहे, एकजण हात जोडलेला इमोजी टाकणार, दुसरा काकडीच्या रसाचा व्हिडिओ टाकणार, आणि दहा मिनिटांत सुप्रभातची फुलं येऊन विषय वर सरकून जाणार. शिवाय त्या ग्रुपवर तीही आहे, माझ्या ताईची लेक. म्हणून इथे लिहितेय, तिला विचारून लिहितेय. ती म्हणाली लिही, पण माझं नाव नको आणि किलो नको. त्यामुळे नाव नाही आणि किलो पण नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि ज्यांना कळणार नाही त्यांच्याही घरात अशी एक भाची नाहीतर पुतण्या असेलच.

मे महिन्यात मुंजीला जमलो होतो ना आपण सगळे, त्या दिवशीची गोष्ट. मातृभोजन झालं, बटूचे शंभर फोटो काढून झाले, दुसरी पंगत बसली आणि जिलबी आली. आपल्यातल्याच एक काकू वाढत होत्या. ती नको नको म्हणत पानावर हात आडवा धरून बसलेली, तर काकूंनी तो हात बाजूला सारला, अगं घे गं मुंजीची जिलबी, नाही काय म्हणतेस, करून दोन वाढल्या. आणि पुढच्या पानाकडे सरकता सरकता, अजून वाढपाची पळी हातातच आहे, मोठ्याने म्हणाल्या, "आईच्या दुप्पट झालीये की ही! आत्ताच अशी, तर लग्नापर्यंत काय व्हायचं?"

पंगत हसली. मीही हसले. काकूंना आता कोणी फोन करून झापू नका प्लीज, त्यांना बिचाऱ्यांना आठवतही नसेल आणि जिलबीही त्यांनी प्रेमानेच वाढली होती. मला माझंच जास्त लागलंय. मी सख्खी मावशी, समोरच्या रांगेत बसलेली, आणि तोंडातला घास गिळून मस्त हसले, कारण पंगतीत हसायचं असतं म्हणून. तिने काय केलं मला दिसत होतं. जिलबीचे बारीक बारीक तुकडे केले, पानाच्या कडेला मिठाच्या शेजारी एका ओळीत लावले आणि ताकभात न घेताच पान दुमडून उठली.

मग फोटो. त्या दिवशीचे सगळे फोटो काढून बघा एकदा, प्रत्येकात तिच्या कडेवर कुणाचं तरी बाळ आहे. सगळ्यांना वाटतं हिला लहान मुलांची केवढी आवड. तिनेच नंतर सांगितलं, बाळ घेतलं की पोट झाकतं. बाळ मिळालं नाही तर ओढणी, ओढणी नसेल तर मागची रांग. तेरा वर्षांची आहे हो ती, आठवीत.

आणि त्याच रात्री, आपण सगळे आजोळी गच्चीवर नि हॉलमध्ये अंथरुणं टाकून पडलो होतो, दीड वाजता मी पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात अंधारात ओट्याला टेकून ती फरशीवर बसलेली. मांडीवर उरलेल्या जिलबीचा पुडा. खात होती म्हणणं पण चूक आहे, चव घेत नव्हती, नुसती एकामागून एक गिळत होती आणि मला बघितल्याबरोबर पुडा पाठीमागे लपवला. दिवसा आग्रह करून वाढलेली जी तिने तोंडाला लावली नाही, तीच जिलबी रात्री चोरून. आपल्याच आजोळी, चोरासारखी.

मी काही बोलले नाही, नुसती शेजारी बसले. शहाणपणा वगैरे अजिबात नव्हता तो, मला सुचलंच नाही काही. बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, "मावशी, मला माहितीये गं मी जाडी आहे. सगळ्यांना असं का वाटतं की मला सांगायचं राहून गेलंय?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं. तुमच्याकडे असलं तर कळवा.

तुमच्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, हा प्रश्न मी पण विचारू शकले असते, नव्वदच्या दशकात. दहावीत माझं वजन ७२ किलो होतं. माझे किलो मी लिहू शकते, माझे आहेत ते. शाळेत जूनमध्ये प्रगतिपुस्तकात वजन-उंची लिहायचे, म्हणजे बाई काट्याजवळ उभ्या, आणि आकडा मोठ्याने सांगायच्या कारण वही घेतलेली मॉनिटर वर्गाच्या दुसऱ्या टोकाला बसायची. मी त्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायचे नाही. आणि पुणे स्टेशनवर ते लाल दिवे फिरणारं वजनाचं मशीन असायचं, रुपया टाकला की खळ्ळकन पुठ्ठ्याचं तिकीट, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. एका मे महिन्यात माझं तिकीट एका मावसभावाने पळवलं आणि गाडी सुटल्यापासून दौंडपर्यंत डब्यात वाचून दाखवलं. भविष्य काय होतं आठवत नाही. टुणटुण, ढब्बू, भोपळा, खात्यापित्या घरची, कुठल्या गिरणीचं पीठ खातेस, हे सगळं मी ऐकलंय, त्यातलं निम्मं तुमच्याच तोंडून, आणि मी हसायचे पण, कारण चिडलं की अजून मजा घेतात. त्यामुळे जाड मुलगी एकदम हसरी असते, खेळकर असते, कशाचं वाईट वाटून घेत नाही, ही जी आपली समजूत आहे ना ती तिथून आलीये. ती हसते कारण पर्याय नसतो.

आणि गंमत बघा, हीच पोर दहा महिन्यांची असताना आपण तिला गुटगुटीत बाळ स्पर्धेत नेलं होतं. पहिला नंबर! स्टीलचा डबा मिळाला होता, अजून ताईकडे त्यात डाळ असते. मांड्यांना वळ्या पडल्यात म्हणून किती कौतुक, किती दृष्ट काढल्या. जेवत नाही म्हणून काऊचा घास, चिऊचा घास, टीव्ही लावून घास, मोबाईल लावून घास. आणि बाराव्या वर्षी एका सकाळी आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं की आता हिने चवळीची शेंग व्हावं. मधल्या काळात काही कळवलं का तिला? की पॉलिसी बदललीये म्हणून?

तुम्ही म्हणाल अगं आम्ही तिच्या भल्यासाठीच बोलतो, बोललं की जरा लाज वाटून कमी खाईल. नाही होत तसं. अमेरिकेत २०१९ साली एक अभ्यास छापून आला, ११० मुलं, सुरुवातीला सरासरी बारा वर्षांची, त्यांना पुढे कित्येक वर्षं बघत राहिले, तर ज्यांना वजनावरून जास्त चिडवलं गेलं त्यांचं वजन न चिडवलेल्यांपेक्षा जास्त वाढलं, चरबी पण जास्त वाढली. आता चिडवल्यामुळेच वाढली असं काही एका अभ्यासावरून छातीठोक म्हणता येत नाही, पण चिडवून कोणी बारीक झालं असं काही दिसलं नाही एवढं नक्की. आणि मला त्यासाठी अभ्यास कशाला हवा, मी दीड वाजताचं स्वयंपाकघर बघितलंय.

दुसरं, आपल्यातले जे शिडशिडीत काका आहेत, जे पोटावर हात फिरवत "आमचं बघ, पन्नास वर्षांत पँटचा साईज बदलला नाही" म्हणतात, त्यांच्यासाठी खास. आपल्या पुण्याचे, केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र डॉ. जॉन युडकिन, या दोघांनी २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघंही शर्टात बारीकच दिसतात, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, अगदी सारखा. पण मोजली तर युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. आपण भारतीय लोक बाहेरून बारीक आणि आतून चरबीवाले असू शकतो, हे याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांपासून दाखवलंय. तेव्हा काका, पँटचा साईज ठीक आहे, तुमची शुगर कधी तपासली होती? मागच्या दिवाळीत तुम्हीच चार करंज्यांनंतर गोळी शोधत होता.

आता हे वाचून कोणी असं समजू नका की मी म्हणतेय वजनाचं काही मनावर घेऊ नका, सगळं छान आहे. छान नाहीये. तिला धाप लागते, गुडघे दुखतात, रात्री घोरते. फक्त ते कोणी बघायचं, तर डॉक्टरने, पंगतीने नाही. जूनमध्ये ताई तिला मुलांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, मी पण गेले होते. डॉक्टर बाईंनी पहिलं काम काय केलं असेल तर आम्हाला दोघींना बाहेर बसवलं आणि वीस मिनिटं तिच्याशी एकटीशी बोलल्या. झोप किती, पाळी कशी, शाळेत कोणी त्रास देतं का, मन कसं असतं. मग आत बोलावून तो वाढीचा तक्ता दाखवला, मुलांच्या डॉक्टरांच्या भारतीय संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वयासाठी काढलेला, कारण मोठ्यांचा बीएमआयचा हिशोब मुलांना जसाच्या तसा लागत नाही, वयाप्रमाणे रेघ बदलते. रक्त तपासलं, थायरॉईड, शुगर, लिव्हर. आणि मानेकडे बघून म्हणाल्या, हे किती दिवसांपासून आहे?

मानेवर काळपट पट्टा आहे तिच्या, काखेत पण. आपण सगळ्यांनी बघितलाय तो. "मान घासत नाहीस का गं नीट" हे वाक्य निदान तीन जणींनी म्हटलंय, एका आत्यांनी डाळीचं पीठ, हळद आणि लिंबू कालवून दिलं, आणि पोरीने एक दिवस वजरीने घासून घासून मानेचं सालटं काढलं. डॉक्टर म्हणाल्या हा मळ नाहीये, घासून कधीच जाणार नाही, शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची खूण असते बऱ्याचदा, त्वचा अशी जाड आणि गडद होते. म्हणजे शरीर बिचारं सांगत होतं आणि आपण त्याला अस्वच्छ म्हणत होतो. त्या खोलीत ताई जी रडली ना.

डाएट चार्ट मिळेल म्हणून आम्ही वही पेन घेऊन गेलेलो. मिळाला नाही. डॉक्टर म्हणाल्या वाढत्या वयात उपाशी ठेवायचं नाही, अजून थोडी उंची वाढायचीये, सध्या वजन वाढायचं थांबलं तरी खूप. तिच्यासाठी वेगळं ताट करू नका, घरात जे सगळ्यांना तेच तिला, म्हणजे मग सगळ्यांचंच बदला. सगळ्यांचंच, हे ऐकून भावजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, कारण रोज संध्याकाळी फरसाणाचा पुडा तेच आणतात. आणि झोप. ही पोर सकाळी सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठते, शाळा, मग क्लास, क्लासचा होमवर्क, झोपायला साडेअकरा. या वयाला आठ तास तरी झोप लागते, हिला मिळते सहा. पीटीचा तास गणिताच्या सरांनी घेतलेला, सोसायटीच्या ग्राउंडवर गाड्या. जागतिक आरोग्य संघटना म्हणते मुलांनी रोज तासभर तरी चांगलं हललं पाहिजे, मला सांगा तो तास ठेवलाय कुठे आपण? शाळेबद्दल फार बोलत नाही. शाळेच्या ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-तेलाचं काही विकायचं नाही असा नियम २०२० पासून आहे, आणि २०२५ मध्ये सीबीएसईने साखरेची माहिती देणारे बोर्ड लावायला सांगितले. हिच्या शाळेत बोर्ड लागलाय, सुंदर आहे, रंगीत. गेटबाहेरची गाडी पण जागेवरच आहे.

म्हणजे काय, वजन हे एकट्या पोरीने केलेलं काम नाहीये, त्यात आपण सगळे आहोत, गाडीवाला आहे, गणिताचे सर आहेत, मुंजीची जिलबी आहे, आनुवंशिकता आहे, आमच्याकडे बघा जरा. पण शिक्षा एकटीला.

आणि उपाय सांगणारे तर विचारू नका. एका मामींनी पावडरीचा डबा पाठवला, त्या विकतात ते शेक, रात्रीच्या जेवणाऐवजी प्यायचा म्हणे. मामी, राग मानू नका, डबा परत पाठवलाय. एकाने आता इंजेक्शनं आलीत म्हणून बातमी फॉरवर्ड केली, थेट तिला! बाबा रे, ती डॉक्टरने द्यायची गोष्ट आहे, तेरा वर्षांच्या मुलीला व्हॉट्सॅपवर पाठवायची नाही. रात्री अकरा वाजता ती मला विचारत होती, मावशी, इंजेक्शन महाग असतं का गं खूप.

बरं मग करायचं काय, असं तुम्ही विचाराल. मी पण चुका केल्या. पहिल्यांदा तिला म्हटलं चल रोज हनुमान टेकडीवर जाऊ, वजन पण कमी होईल. ती तीन दिवस आली, चौथ्या दिवशी पोटात दुखायला लागलं. मी तिला फिरायला नेत नव्हते ना, तिच्या वजनाला फिरायला नेत होते, आणि ते तिला कळत होतं.

मग जुलैत असंच बसलो होतो आणि दिवाळीच्या किल्ल्याचा विषय निघाला. तुम्हाला कुणाला माहितीये का ती किल्ला काय बनवते? मागच्या वर्षी प्रतापगड केला होता, सोसायटीतली मोठी मुलं तिला विचारून विचारून बुरूज बांधत होती. यंदा राजगड करायचाय म्हणाली, पण सुवेळा माचीचं नेढं, म्हणजे खडकातलं ते आरपार भोक, कसं दिसतं ते फोटोतून कळत नाहीये, माचीला वळण कुठे आहे तेही कळत नाही. मी म्हटलं मग बघून येऊ. ती म्हणाली मला जमणार नाही चढायला. मी म्हटलं मला तरी कुठे जमतंय, सावकाश जाऊ, नाही जमलं तर परत येऊ, भाकरी खाऊन.

आणि मग टेकडी सुरू झाली, राजगड चढायचा म्हणून. वजनाचा व पण कोणी काढला नाही. पावसाळ्यात छत्री घेऊन दोघी, कधी आठवड्यातून चारदा, कधी एकदाच. सप्टेंबरच्या शेवटी गेलो. पालीच्या बाजूने, तो जुना राजमार्ग आहे, पायऱ्या रुंद आहेत, चोर दरवाज्याची वाट आमच्यासारख्यांना नको. किती वेळ लागला सांगत नाही, दोन शाळांच्या सहली आम्हाला ओलांडून गेल्या. मध्ये एका ठिकाणी ती बसली आणि म्हणाली आता बास, मी म्हटलं बास तर बास, पाच मिनिटं बसलो, मग तीच उठली. वाटेत एक काका भेटले, टोपी, काठी, अगदी उत्साही, म्हणाले, "शाब्बास बेटा! वजन कमी करायला का?" ती म्हणाली, "नाही, माची बघायला." मला इतका आनंद झाला, पण नंतर अर्धा तास ती एक शब्द बोलली नाही, तेही सांगते. लागलंच तिला. त्या काकांना वाटलं असेल प्रोत्साहन दिलं.

वर गेल्यावर मात्र माझ्याकडे लक्षच नव्हतं तिचं. वही काढून पद्मावती, सुवेळा, संजीवनी, तिन्ही माच्यांची तोंडं कुठल्या दिशेला आहेत ते काढत होती, तटाची उंची वितीने मोजत होती, नेढ्यात बसून वारा खाल्ला. ओढणी घरीच राहिली होती, हे मला परत येताना गाडीत लक्षात आलं. खाली आल्यावर पिठलं-भाकरी, दही, कांदा. किती भाकऱ्या खाल्ल्या मोजल्या नाहीत, तिच्याही नाही आणि माझ्याही नाही.

वजन किती कमी झालं हे विचारायला तुमच्यातल्या निम्म्यांचा हात आत्ताच फोनकडे गेला असेल. सांगणार नाही. मला नीट माहीतही नाही, ते ती आणि डॉक्टर बघतात तीन महिन्यांतून एकदा. घरातला काटा ताईने माळ्यावर टाकलाय. रात्रीचं खाणं पूर्ण थांबलंय का, तर नाही. डॉक्टर बाईंनी एका समुपदेशक ताईंचं नाव दिलंय, तिकडे जाते महिन्यातून दोनदा. पण मला मेसेज करते मध्येच, "जागी आहेस?" असा, आणि मग आम्ही फालतू काहीतरी बोलतो. ज्यांच्या घरी असं कोणी पोर आहे आणि समजत नाहीये कोणाशी बोलावं, त्यांनी १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा, सरकारी नंबर जवळ ठेवा, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. मला आधी माहीत नव्हता.

तर आता मुद्द्याचं. भाऊबीजेला आपण सगळे परत जमतोय. ती येते म्हणालीये, पण अजून नक्की नाही, "बघू" म्हणालीये. आली तर दारातच तिला वरपासून खालपर्यंत बघू नका. बारीक झालीस म्हणून कौतुकही नको हं, ते पण मोजमापच आहे, म्हणजे मागच्या वेळी तुम्ही काय बघत होता ते तिला कळतं. पानावर हात आडवा धरला तर तो हात तसाच राहू द्या, आणि दोन करंज्या मागून घेतल्या तर वाढणाऱ्याने शेजारच्या पानाकडे बघू नये. फोटोच्या वेळी तिच्या हातात बाळ देऊ नका. आणि पंगतीत कोणी काही बोललंच, तर निदान मी हसणार नाहीये यावेळी, वाईटपणा आला तरी चालेल.

बोलायला काही सुचत नसेल तर किल्ल्याबद्दल विचारा. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी कशी करायची यावर सध्या घरात वाद चालू आहे, पुठ्ठा की माती, भावजी पुठ्ठा म्हणतायत आणि ती ऐकत नाहीये. आणि लाल माती कमी पडतेय, दोन पोती तरी लागेल, आमच्या इकडे सगळीकडे पेव्हर ब्लॉक, माती उरलीच नाहीये. वाईकडून कोणी गाडीने येणार असाल तर आणा प्लीज, मला आधी फोन करा म्हणजे पोती पाठवते.

तुमची,
पुण्याची मावशी